रक्त आपलं, हात आपले. मग सही कुणाची?

दर १४ एप्रिलला आपण रक्तदान शिबिर घेतो. ६ डिसेंबरलाही घेतो. सिंधुदुर्गात वाडीवाडीतली मंडळं यात पुढे असतात. रक्त द्यायला आपण कधी मागे हटलो नाही. पण ती पिशवी रक्तपेढीत गेल्यावर पुढे काय होतं, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाच तपासण्या झाल्याशिवाय ते रक्त कुणालाही चढवता येत नाही. गट पडताळावा लागतो, घेणाऱ्याच्या रक्ताशी जुळवून बघावं लागतं. हे सगळं ज्या शास्त्राच्या आधाराने चालतं ते पॅथॉलॉजी. रक्त देणाऱ्यांच्या रांगेत आपण आहोत. ते शास्त्र शिकवणाऱ्यांत आणि अहवालावर सही करणाऱ्यांत आपण किती आहोत?

आता शवागारात चला. सरकारी दवाखान्यात शवविच्छेदन होतं तेव्हा सुरी कुणाच्या हातात असते? कागदावर डॉक्टरच्या. प्रत्यक्षात देशभर कित्येक ठिकाणी मृतदेह उघडतो, कवटी फोडतो, अवयव बाहेर काढून दाखवतो आणि शेवटी शिवतो तो सफाई कामगार. तो कुठल्या जातींतून येतो हे आम्ही सांगायला नको. डॉक्टर चार पावलं लांब उभा राहून विचारतो, लिहून घेतो आणि सही करतो. यकृत सुजलंय की नाही, फुप्फुसात पाणी आहे की नाही, हे त्या कामगाराच्या हातांना वर्षानुवर्षांच्या सवयीने कळतं. पण त्या हातांच्या ज्ञानाला ना पदवी, ना पगार. हिपॅटायटिस बीची लस मिळाली तरी नशीब.

कुणी म्हणेल, शवविच्छेदन हा न्यायवैद्यकाचा विषय, पॅथॉलॉजीचा नव्हे. खात्यांची वाटणी तशी आहे, मान्य. पण पॅथॉलॉजीचा जन्मच शरीर उघडून बघण्यातून झाला. १७६१ साली इटलीतल्या मोर्गान्यीने शेकडो शवविच्छेदनांच्या आधारे ग्रंथ लिहिला आणि रोगाला शरीरात ठिकाण असतं हे दाखवून दिलं. तिथे विद्वानाने स्वतः प्रेताला हात लावला म्हणून शास्त्र पुढे गेलं. आपल्याकडे रक्त, लघवी, शौच, थुंकी, प्रेत हा सगळा विटाळ. विटाळ हाताळणारा हात एका जातीचा आणि त्या विटाळातून निघालेलं ज्ञान दुसऱ्या जातीचं, अशी वाटणी जातिव्यवस्थेने करून ठेवली. प्रयोगशाळा आली, यंत्रं आली, पण ही वाटणी पुरती मोडली नाही.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. आपल्या डॉक्टर मुलामुलींनी पॅथॉलॉजी ठरवून निवडली पाहिजे. आणि पॅथॉलॉजी ज्या पद्धतीने शिकवली जाते ती बदलण्यासाठी आपल्या चळवळीने भांडलं पाहिजे.

पेशंट खंय?

आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी नीट देऊन एमबीबीएसला लागते तेव्हा अख्खी वाडी पेढे खाते. साडेचार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप, सरकारी कॉलेज असेल तर एक वर्ष बाँडची सेवा. तोवर वय पंचविशीच्या पुढे गेलेलं असतं, धाकट्या भावंडांची शिक्षणं अडलेली असतात, बापाच्या पेन्शनीवर किंवा आईच्या मजुरीवर घर चाललेलं असतं. मग नीट पीजी. रँक बऱ्यापैकी आली की सगळे सांगतात, मेडिसिन घे, रेडिओलॉजी घे, स्किन घे. पॅथॉलॉजीचं नाव काढलं की घरातला म्हातारा विचारतो, "पेशंट बघूचे नाय, तर मगे डॉक्टर कसलो?"

म्हाताऱ्याचं चुकत नाही. त्याने आयुष्यभर दवाखान्याच्या दारात ताटकळून बघितलंय, त्याला आपला माणूस खुर्चीवर बसलेला हवा आहे. गळ्यात स्टेथोस्कोप असलेला आपला डॉक्टर ही आपल्या समाजाच्या स्वाभिमानाची खूण आहे. पण त्या खुर्चीवरचा डॉक्टर औषध कशाच्या जोरावर लिहितो? ताप मलेरियाचा की लेप्टोचा, गाठ साधी की कॅन्सरची, रक्त कमी का झालं, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगणारा माणूस पेशंटला दिसत नाही. त्याची सही दिसते.

डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की पॅथॉलॉजी लॅबच्या अहवालावर पॅथॉलॉजीतलं पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. आपली कितीतरी मुलं डीएमएलटी करून लॅबमध्ये राबतात. सकाळी सहाला रक्त काढायला घरोघरी तीच जातात, मशीनवर तीच बसतात. त्यातल्या काहींना हा निकाल आपल्या पोटावर पाय वाटला. आम्ही त्यांच्या बाजूचे आहोत, पण या निकालाच्या विरोधात नाही. कारण चुकीचा अहवाल हातात घेऊन पहिला मरणारा माणूसही आपलाच असतो. लांब शहरात बसून नमुना न बघता सही भाड्याने देणारा पॅथॉलॉजिस्ट हा खरा गुन्हेगार. त्यावर उपाय एकच: सही करण्याची पात्रता आपल्या माणसांनी मिळवायची, आणि राबणाऱ्या तंत्रज्ञांना वर चढायला शिडी मिळवून द्यायची.

आकडा म्हणजे निदान नव्हे

आरोग्य शिबिरात आम्ही हे नेहमी बघतो. बाईचं हिमोग्लोबिन आठ आलं. लोहाच्या गोळ्या दिल्या, बाई घरी गेली. पुढच्या वर्षी पुन्हा आठ. मशीनने आकडा दिला, कारण दिलं नाही. तेच रक्त काचेवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर तांबड्या पेशी बोलायला लागतात. लहान आणि फिकट पेशी लोहाच्या कमतरतेकडे बोट दाखवतात, पण थॅलेसेमियाचा अंश असला तरी तशाच दिसू शकतात. आकाराने मोठ्या पेशी बी-१२ किंवा फोलेटचा संशय देतात. विळ्यासारख्या वाकलेल्या दिसल्या तर सिकलसेल. आठ हा आकडा सगळ्यांचा सारखा, उपचार मात्र वेगवेगळे. आकड्यापासून कारणापर्यंत जाणं हेच निदान.

निदान हा शब्द आपल्याला नवा नाही. पालीत निदान म्हणजे कारण, मूळ. दीघनिकायात महानिदान सुत्त आहे. पटिच्चसमुप्पादाच्या बारा कड्यांना द्वादश निदान म्हणतात. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, ते कारण दूर करता येतं आणि त्यासाठी मार्ग आहे, ही तथागतांची मांडणी वैद्याच्या विचारासारखीच चालते. नशीब, कर्म, देवीचा कोप या उत्तरांवर थांबायचं नाही, कारण शोधायचं, ही आपली परंपरा आहे. जो समाज स्वतःला बुद्धाचा वारस म्हणवतो त्याच्या मुलांना कारण शोधणारी वैद्यकशाखा दुय्यम वाटावी, हे आम्हाला पटत नाही.

आपल्या जिल्ह्याकडेच बघा. २०१६ च्या जानेवारीत दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात माकडताप आला. पुढच्या हंगामात बांदा परिसर हादरला. हा विषाणू १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा भागात क्यासनूर जंगलात ओळखला गेला, गोचिडांमार्फत पसरतो. गोचीड कुणाला चावते? काजूच्या बागेत, रानात, लाकूडफाट्याला जाणाऱ्याला. या तापात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होतात, म्हणजे साध्या रक्ततपासणीत संशयाला जागा असते. पण खात्रीच्या तपासणीसाठी नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेपर्यंत न्यावे लागले. लेप्टोचंही तसंच. उंदराच्या मुतातून जंतू शेताच्या पाण्यात येतात आणि भातलावणीत दिवसभर चिखलात उभ्या असलेल्या माणसाच्या पायाच्या भेगांतून आत जातात. कोकणातला पाऊस सगळ्यांवर पडतो, पण चिखलात कोण उभं असतं?

आणि गाठ असली तर? बायोप्सीचा तुकडा फॉर्मलिनमध्ये ठेवून, मेणात बसवून, केसाहून पातळ काप काढून, रंगवून बघावा लागतो. ही सोय जवळ नसली की डबी हातात घेऊन नातेवाईक कोल्हापूरला, नाहीतर गोव्याला. २०१८ च्या सुरुवातीला गोवा सरकारने परराज्यातल्या रुग्णांना बांबोळीत शुल्क लावलं तेव्हा दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले, ते उगाच नाही. ज्याच्याकडे गाडी आहे त्याला आठवड्यात निदान मिळतं. ज्याची मजुरी बुडते तो पुढच्या महिन्यावर टाकतो, आणि गाठ वाढत राहते.

अभ्यासक्रमातून गायब झालेला माणूस

मग हे सगळं वैद्यकीय महाविद्यालयात कसं शिकवतात? पॅथॉलॉजी दुसऱ्या टप्प्यात येते, मायक्रोबायोलॉजी आणि फार्माकॉलॉजीच्या जोडीला. पूर्वी या टप्प्याला दीड वर्ष मिळायचं. २०१९ पासून नवा क्षमताधारित अभ्यासक्रम आला आणि ते बारा महिन्यांवर आलं. एवढ्या वेळात विद्यार्थी काय करणार? स्लाइड पाठ करतो, बरणीतला नमुना ओळखायला शिकतो, परीक्षेत दोन मिनिटांत उत्तर लिहितो आणि पुढे जातो. बरणीत फुप्फुस असतं. ते फुप्फुस कुणाचं, तो दगडखाणीत होता की गिरणीत, त्याच्या घरात धूर किती होता, त्याला दवाखान्यात यायला किती दिवस लागले, हे बरणीवर लिहिलेलं नसतं. रोग शिल्लक राहतो, माणूस गायब होतो.

पॅथॉलॉजी अशीच असते, असं कुणी सांगितलं तर त्याला रुडॉल्फ फिरखोव्हचं नाव सांगा. रोग पेशीत सुरू होतो हा सिद्धांत १८५८ साली ग्रंथरूपाने मांडणारा, आधुनिक पॅथॉलॉजीचा पाया घालणारा हा जर्मन डॉक्टर. त्याच्या दहा वर्षं आधी, १८४८ मध्ये, प्रशियाच्या सरकारने त्याला अप्पर सायलेशियात टायफसची साथ तपासायला पाठवलं. तिथले लोक गरीब, पोलिश बोलणारे, परक्या सत्तेखाली पिचलेले. फिरखोव्हने अहवालात साथीचं कारण काय लिहिलं? उपासमार, अज्ञान आणि दडपशाही. औषध काय सुचवलं? लोकशाही, शिक्षण आणि श्रीमंतांवर कर. पुढच्याच वर्षी बर्लिनमधली त्याची जागा गेली. ज्याने सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघितली त्यालाच समाजही दिसला. आपल्या विद्यार्थ्यांना फिरखोव्हची पेशी शिकवतात, त्याचा अहवाल शिकवत नाहीत.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतीय पॅथॉलॉजीचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. जन्म क्वेट्टाचा, पण आडनाव आपल्या वेंगुर्ले तालुक्यातल्या खानोलीची आठवण देणारं. टाटा मेमोरियलमध्ये काम करताना त्यांनी सूर्याबाई यांच्यासोबत १९४५ साली एक शोधनिबंध लिहिला. विषय होता कॅन्सर आणि लोकांच्या सवयी. कमरेला धोतर घट्ट आवळल्याने सतत घासून होणारा कातडीचा कॅन्सर, ओठामागे तंबाखू धरल्याने होणारा कॅन्सर, असे इथल्या जगण्यातून येणारे प्रकार त्यांनी नोंदवले. लोक काय नेसतात, काय चघळतात, हे विचारल्याशिवाय हे सापडलं नसतं.

आता सिकलसेल घ्या. १९५८ साली मध्य भारतातल्या सिकलसेलवर शुक्ला आणि सोळंकी यांचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. विदर्भातल्या बौद्ध आणि आदिवासी समाजांत हा आजार मोठा आहे, हे आपल्या घरांना कागदाशिवायही माहीत आहे. वर्गात काय शिकवतात? आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता पंचवीस टक्के. बरोबर. पण दोन वाहक एकमेकांना इतक्या वेळा भेटतात कसे? लग्न जातीतच होतं म्हणून. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी जातिसंस्थेचं मूळ काढलं ते हेच: जातीअंतर्गत विवाह. जनुक मलेरियाच्या प्रदेशात टिकलं, पण त्याला समाजाच्या कुंपणात कोंडून ठेवलं जातीने. सिकलसेल शिकवणाऱ्या प्राध्यापकाने हा निबंध वर्गात का उघडू नये? हे राजकारण नाही, हे कारणमीमांसेतलं पुढचं पाऊल आहे. आणि ते शिकवलं नाही तर काय होतं? 'अमुक समाजाचा आजार' असा शिक्का तेवढा मागे राहतो.

मेरिटचं ढोंग

आमचं पोरगं पॅथॉलॉजीला लागलं की कुजबुज सुरू होते, आरक्षणातून आलाय, याच्या रिपोर्टवर भरवसा कसा ठेवायचा. ही कुजबुज करणाऱ्यांना आम्ही सप्टेंबर २०२३ ची आठवण करून देतो. पदव्युत्तर जागा रिकाम्या राहत होत्या, आणि त्यात पॅथॉलॉजीसारखे विषय नेहमीच असतात. तेव्हा केंद्राने नीट पीजीची पात्रता थेट शून्य पर्सेंटाइलवर आणली. सगळ्या प्रवर्गांसाठी. परीक्षेला बसलेला प्रत्येक जण पात्र! तेव्हा मेरिटची शोकसभा झाली का? खाजगी कॉलेजच्या महागड्या जागा भरायच्या असल्या की मेरिट शून्यावर चालतं, आणि आपला विद्यार्थी संविधानाच्या हक्काने आला की मेरिट आठवतं. २० जानेवारी २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंच आहे की स्पर्धा परीक्षेतले गुण म्हणजे संपूर्ण गुणवत्ता नव्हे, गुणवत्तेचा विचार सामाजिक परिस्थितीसह करावा लागतो. शिवाय एमडीची अंतिम परीक्षा सगळ्यांना एकच असते. पेशीला जात बघून रंग चढत नाही.

ही कुजबुज निरुपद्रवी नाही. २२ मे २०१९ रोजी मुंबईत नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी आपलं जीवन संपवलं. आदिवासी तडवी समाजातली मुलगी. तीन वरिष्ठ सहकाऱ्यांवर जातीय छळाचा गुन्हा दाखल झाला. पदव्युत्तर विभागात मार्गदर्शकाच्या एका सहीवर तुमचा प्रबंध अडतो, एका शेऱ्यावर परीक्षा अडते. तिथे एकटी पडलेली आपली मुलगी किती सहन करते, हे तिच्या घरच्यांनाही कळत नाही. म्हणून पीजीला पाठवून पेढे वाटले म्हणजे आपलं काम संपलं, असं समजू नका.

आणि पीजी झाल्यावर? ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात एकाच वेळी दहा नवी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली. गडचिरोली, वाशिम, हिंगोली, बुलढाणा. प्रत्येकात पॅथॉलॉजीचा विभाग लागतो, प्राध्यापक लागतात. उद्या या जागांच्या बिंदुनामावलीत अनुसूचित जातीचं पद येईल आणि समोर 'योग्य उमेदवार मिळाला नाही' असा शेरा मारायची तयारी असेल. तो शेरा खोटा ठरवायचा असेल तर उमेदवार आजपासून तयार करावे लागतील.

काय मागायचं, काय करायचं

शासनाकडे आणि विद्यापीठाकडे आपल्या मागण्या अशा असाव्यात.

१. शवविच्छेदन डॉक्टरने स्वतः करावं. मदतीला सफाई कामगार नको, प्रशिक्षित तंत्रज्ञाचं स्वतंत्र पद हवं. आज हे काम करणाऱ्यांना त्या पदासाठी प्रशिक्षण, पगार, लस आणि विमा द्यावा.

२. प्रत्येक नमुन्यासोबत, नाव झाकून, माणसाचा व्यवसाय, राहणीमान आणि दवाखान्यापर्यंतचा प्रवास विद्यार्थ्यांसमोर यावा. महिन्यातून एकदा एका रुग्णाच्या आजारावर क्लिनिकल आणि पॅथॉलॉजीच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांसमोर एकत्र चर्चा करावी.

३. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी तीन महिन्यांची जिल्हा निवासी सेवा आता सक्तीची आहे. पॅथॉलॉजीच्या विद्यार्थ्यांना त्या काळात उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांतही पाठवावं, म्हणजे मालवणच्या बाईच्या रक्ताची काच कुणीतरी डोळ्यांनी बघेल.

४. समजावणं मराठीत, लिहिणं इंग्रजीत, याला वर्गात मोकळीक हवी. मराठी माध्यमातून आलेलं मूल मठ्ठ नसतं, त्याला फक्त दोनदा अनुवाद करावा लागतो.

५. डीएमएलटी झालेल्यांना नोकरी सांभाळून पदवीपर्यंत जाण्याचा मार्ग मिळावा.

पण सगळं शासनावर सोडून चालणार नाही. आपल्या विहारांत सभागृह आहे, लाऊडस्पीकर आहे. एक साधा सूक्ष्मदर्शक का नसावा? सातवी-आठवीच्या मुलीने स्वतःच्या बोटाचा थेंब काचेवर बघितला, तर तो क्षण दहा भाषणांपेक्षा मोठा आहे. मात्र सुई प्रत्येकीला नवी हवी आणि समोर जाणता माणूस हवा. जयंतीच्या वर्गणीतला एक भाग नीट पीजी देणाऱ्यांच्या पुस्तकांसाठी आणि राहण्यासाठी बाजूला काढा. आपल्या समाजात पॅथॉलॉजिस्ट झालेल्या डॉक्टरांनी वर्षातून दोन विद्यार्थ्यांचा हात धरावा. प्रबंध कसा लिहावा, छळ झाला तर तक्रार कुठे करावी, लॅब काढायला कर्ज कसं मिळवावं, हे त्यांनीच सांगायला हवं. रक्तदान शिबिरातही रक्तपेढीच्या डॉक्टरला पंधरा मिनिटं बोलायला सांगा. पुढाऱ्यांची भाषणं तेवढी कमी झाली तरी बाबासाहेब रागावणार नाहीत.

सिंधुदुर्गात २०२१-२२ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या पहिल्या तुकड्यांतली मुलं आता पुढे काय, याचा विचार करू लागली आहेत. त्यात आपलीही आहेत. त्यांना आम्ही एवढंच सांगू: रँक घसरली म्हणून पॅथॉलॉजीत जाऊ नका. रँक चांगली असतानाही तिचा विचार करा. हजारो वर्षं आपल्या हातांना विटाळ उचलायला लावलं आणि त्याचं ज्ञान आपल्यापासून लांब ठेवलं. आता काचही आपण धरू, कारणही आपण शोधू आणि खाली सहीही आपलीच असेल.

जयभीम! नमो बुद्धाय!